यंत्र मुलाच्या कानात, राबणं आईचं

(स्त्री-कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



माझ्या पीएच.डी.चा विषय सांगितला की दोन प्रश्न हमखास येतात. पहिला असा की बहिरेपण हा डॉक्टरांचा प्रांत, तिथे मानववंशशास्त्राचं काय काम? दुसरा आपल्यातल्याच काहीजणींनी काल विचारला : ठीक आहे, पण यात बायकांचा प्रश्न कुठे आला? मी आज दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देणार आहे. पहिल्याचं उत्तर त्यातच मिळेल.

कॉक्लिअर इम्प्लांट केलेली मुलं आणि त्यांची घरं हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे. अभ्यास म्हणजे काय, तर या मुलांना ऐकायला आणि बोलायला शिकवणाऱ्या उपचारकेंद्रांच्या बाकांवर मी दिवसच्या दिवस बसते, आणि तिथून त्या बायकांबरोबर त्यांच्या घरी जाते. मी 'बायका' म्हणते आहे ते मुद्दाम. त्या बाकांवर बाप क्वचित दिसतो. आई, आजी, एखादी मावशी, हेच तिथलं जग. 'मुलाला ऐकू येण्याचं ऑपरेशन' असं जे म्हटलं जातं, त्यातलं बहुतेक काम ऑपरेशनच्या खोलीबाहेर होतं, आणि ते या बायका करतात. माझं म्हणणं एवढंच आहे. बाकी त्याचा खुलासा.

आधी यंत्र समजून घेऊ. आपल्या कानाच्या आत गोगलगायीच्या शंखासारखा एक भाग असतो. त्यातल्या केसांसारख्या बारीक पेशी आवाजाच्या कंपनांचे विजेचे संदेश करतात आणि ते नसेवाटे मेंदूकडे जातात. जन्मतः बहिऱ्या असलेल्या बऱ्याच मुलांमध्ये या पेशीच काम करत नाहीत. साधं श्रवणयंत्र आवाज नुसता मोठा करतं. या पेशीच नसतील तर मोठ्या आवाजाचाही फारसा उपयोग होत नाही. म्हणून इम्प्लांटमध्ये शस्त्रक्रिया करून कानामागच्या हाडात एक भाग बसवतात आणि त्यातून निघालेली बारीक तार त्या शंखात सरकवतात. ही तार नसेला थेट विजेचे संदेश देते. बाहेर कानावर एक प्रोसेसर असतो, आणि त्याला वायरने जोडलेली एक चकती चुंबकाने डोक्याला चिकटते. ऑस्ट्रेलियात मेलबर्न इथे ग्रेम क्लार्क या डॉक्टरांनी १९७८ साली अनेक तारांचं असं यंत्र पहिल्यांदा एका प्रौढ माणसाला बसवलं. १९९० साली अमेरिकेच्या सरकारने ते लहान मुलांसाठी मंजूर केलं.

आपल्याकडे ही शस्त्रक्रिया बरीच वर्षं पैसेवाल्यांपुरतीच होती. केंद्र सरकारच्या 'एडिप' योजनेत २०१४ साली सुधारणा झाली आणि इम्प्लांटसाठी दर मुलामागे ६ लाख रुपयांपर्यंत मदत देण्याची तरतूद आली. देशभर या कामाची मुख्य जबाबदारी आपल्या मुंबईतल्या, वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेकडे दिली गेली. त्यामुळे शेतमजुराच्या, रिक्षावाल्याच्या घरातलं मूलही आज या रांगेत उभं राहू शकतं. ही चांगली गोष्ट आहे आणि ती मी आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना 'या बाईला विज्ञान नकोच आहे' असा कुणाचा समज व्हायला नको.

आता रांगेतून पुढे जाऊ. ऑपरेशन झालं, टाके निघाले, काही आठवड्यांनी यंत्र सुरू केलं, की मूल 'आई' म्हणून हाक मारतं, असं आपण बातम्यांत पाहतो. प्रत्यक्षात त्या दिवशी बहुतेक मुलं दचकून रडतात. मेंदूने कधी न ऐकलेला आवाज त्याला आवाज म्हणून ओळखू येत नाही, तो शिकावा लागतो. यंत्रातून किती वीज सोडायची हे पुन्हा पुन्हा बसून ठरवावं लागतं, त्याला मॅपिंग म्हणतात. आणि मग वर्षानुवर्षं रोजचा सराव.

हा सराव कोण करून घेतं? केंद्रातल्या ताई आठवड्यातून एकदा-दोनदा, तासभर. बाकीचे सगळे तास आई. सकाळी उठल्यावर बॅटरी घालायची, वायर तुटली नाही ना ते पाहायचं, चकती बसवायची. मग मुलाच्या मागे उभं राहून, तोंड दिसणार नाही असं, 'आ, ई, ऊ, श, स, म' हे सहा आवाज एकेक करून काढायचे आणि मूल प्रत्येकाला प्रतिसाद देतं का ते बघायचं. जगभर इम्प्लांटच्या मुलांची रोजची तपासणी या सहा आवाजांनीच होते. त्यानंतर दिवसभर बोलत राहायचं. "हा कांदा. कांदा सोलूया. बघ, कांद्याने डोळ्यात पाणी आलं." भाकरी थापताना बोला, धुणं वाळत घालताना बोला, भांडी घासताना बोला. रात्री यंत्र ओल शोषून घेणाऱ्या डबीत ठेवायचं. काय शिकवलं, मूल काय बोललं, ते वहीत लिहायचं आणि पुढच्या वेळी वही दाखवायची.

घरकामाला काम म्हणा, त्याची मोजदाद करा, असं आपण इतकी वर्षं सांगत आलो. इथे घरकामाला खरोखरच उपचाराचा दर्जा मिळाला आहे, पण मोबदला मात्र शून्यच आहे. सरकारने २०१९ साली लोकांच्या वेळेची पाहणी केली. तीत घरकाम करणाऱ्या बाईचे दिवसाकाठी त्यावर २९९ मिनिटं जातात आणि पुरुषाची ९७, असं निघालं. घरातल्या माणसांच्या देखभालीची मिनिटं वेगळी : बाईची १३४, पुरुषाची ७६. मी ज्यांच्याबरोबर बसते त्या बायकांना हे आकडे सांगितले तेव्हा एकजण हसून म्हणाली, "ताई, भाकरी थापताना पोराला शिकवते ती मिनिटं कुठल्या खात्यात धरली?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, आणि पाहणीच्या रकान्यांकडेही नाही.

योजनेच्या हिशेबात शस्त्रक्रिया आहे, यंत्र आहे, नंतर दोन वर्षांचं प्रशिक्षण आहे. आईचा वेळ त्यात कुठेच नाही. तालुक्याच्या गावाहून एस.टी.ने येणारी बाई त्या दिवसाची मजुरी सोडून येते. काहीजणी केंद्राजवळ खोली घेऊन राहतात. नवरा गावी, थोरली मुलगी आजीकडे, आणि या मुलासाठी ही शहरात. कुणी अंगणवाडीतलं काम सोडलं, कुणी शिवणाची मशीन विकली. अमेरिकेतही चित्र फार वेगळं नाही. लॉरा मॉल्डिन या समाजशास्त्रज्ञ बाईंनी न्यूयॉर्क भागातल्या अशा कुटुंबांचा अभ्यास करून २०१६ साली पुस्तक लिहिलं. इम्प्लांटचं यश आईच्या श्रमांवर उभं असतं, आणि ज्या आईकडे वेळ आणि पैसा आहे तिलाच ते श्रम परवडतात, हे त्यांनी दाखवलं. आपल्याकडे तर वर्गाबरोबर जातही आली.

आणि भाषा आली. मुलाशी घरात एकच भाषा बोला, असा सल्ला दिला जातो. ती एक भाषा कुठली? शाळेची, पुस्तकाची मराठी. घरात गोरमाटी किंवा अहिराणी बोलणारी आई मग आपल्याच लेकराशी परक्या भाषेत, अडखळत बोलते. सासूला सांगते, तुम्ही बाळाशी बोलू नका, चुकीचे शब्द कानावर पडतील. जी आपली भाषा तिला आंदण मिळाली, तीच तिला उंबऱ्याबाहेर ठेवावी लागते.

मूल बोललं नाही तर? मुलं वेगवेगळी असतात. कुणाची नस पुरेशी नसते, कुणाचं ऑपरेशन उशिरा झालेलं असतं, कुणाला आणखी एखादी अडचण असते. सगळं नीट असूनही एक मूल घडाघडा बोलतं आणि दुसरं बोलत नाही, असंही होतं. पण केंद्रात पहिला प्रश्न असतो, "घरी बोलत नाही का तुम्ही?" आधीच या बाईने 'ग्रहणात विळी धरली असशील' हे सासरचं ऐकलेलं असतं. नात्यातलं लग्न असेल तर 'तुझ्या माहेरचं रक्त' हे ऐकलेलं असतं. खरं तर ज्या प्रकारचं आनुवंशिक बहिरेपण सर्वांत जास्त आढळतं, त्यात दोष आई आणि बाप दोघांकडून सारखाच येतो. गरोदरपणात रुबेला झाल्यानेही मूल बहिरं होऊ शकतं, आणि गोवर-रुबेलाची लस महाराष्ट्रभर मोहीम काढून दिली गेली ती २०१८ साली. लस नव्हती हा दोष कुणाचा? पण ठपका ठेवायला आई हाताशी असते. जुना ठपका अंधश्रद्धेचा होता, नवा विज्ञानाचा आहे. डोकं तेच.

आता मी ज्या गोष्टीशी सर्वांत जास्त झगडते आहे तिच्याकडे येते. ती म्हणजे हात.

मुलाला तहान लागली की ते अंगठा तोंडाकडे नेतं. कुठलीही आई पाणी देईल. या आयांना मात्र सांगितलं जातं, देऊ नका. कळलं नाही असं दाखवा. 'पाणी' म्हणेपर्यंत थांबा. खुणा करू दिल्या तर मूल आळशी होईल, बोलणार नाही. ही समजूत आजची नाही. १८८० साली इटलीत मिलान इथे बहिऱ्यांच्या शिक्षकांची परिषद भरली. तिने ठराव केला की बहिऱ्या मुलांना बोलण्यातूनच शिकवावं. ठराव करणारे जवळजवळ सगळे ऐकू येणारे होते. जगभरच्या शाळांत त्यानंतर मुलांचे हात बंद केले गेले. २०१० साली, म्हणजे १३० वर्षांनी, कॅनडात व्हँकुव्हरला त्याच परंपरेतल्या परिषदेने त्या ठरावाबद्दल खेद व्यक्त केला. आपल्याकडच्या कित्येक खोल्यांत तो खेद अजून पोचलेला नाही.

सांकेतिक भाषा म्हणजे नुसत्या खाणाखुणा नव्हेत. तिला स्वतःचं व्याकरण असतं, तिच्यात विनोद होतो, भांडण होतं, कविता होते. अमेरिकेत विल्यम स्टोको यांनी १९६० साली हे भाषाशास्त्राच्या अंगाने मांडलं. भारतीय सांकेतिक भाषा शिकवणाऱ्यांचं प्रशिक्षण २००१ साली वांद्र्याच्या त्याच राष्ट्रीय संस्थेत सुरू झालं. २०१५ साली दिल्लीत या भाषेचं स्वतंत्र केंद्र निघालं. २०१६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात सांकेतिक भाषेचा उल्लेख आहे, २०२० च्या शिक्षण धोरणातही आहे. कागदावर भाषा आली. पण ज्या आईला तिची सर्वांत जास्त गरज आहे, तिला ती शिकवायला कुणी येत नाही. उलट तिलाच पहारेकरी नेमलं जातं, लेकराचे हात खाली धरायला. जे काम आपल्यापैकी कुणाही बाईच्या जिवावर येईल ते तिला प्रेमाच्या नावाखाली करायला लावलं जातं.

इथे मानववंशशास्त्राचं काम सुरू होतं. नोरा ग्रोस या अमेरिकन बाईंनी मार्थाज व्हिनयार्ड नावाच्या बेटावर आपलं पीएच.डी.चं संशोधन केलं. त्याचं पुस्तक १९८५ साली आलं. या बेटावर दोनशेहून अधिक वर्षं पिढीजात बहिरेपण होतं, आणि म्हणून ऐकू येणारी माणसंही सांकेतिक भाषा बोलत. मासे धरताना, दुकानात, सभेत. बहिरी माणसं शेती करत, लग्नं करत, गावच्या कारभारात भाग घेत. 'ते अपंग होते का?' असं विचारल्यावर म्हाताऱ्या गावकऱ्यांना प्रश्नच नीट कळेना. कान तसेच होते, गाव वेगळं होतं. बाई म्हणून जन्मणं आणि बाई म्हणून घडवलं जाणं वेगळं, हे आपण म्हणतो ना? तसंच हे.

लांब कशाला, मुंबईची लोकल घ्या. अॅनेलिस कुस्टर्स या स्वतः बहिऱ्या असलेल्या संशोधक बाईंनी मुंबईच्या लोकलमधल्या अपंगांच्या डब्यावर २००९ साली लेख लिहिला. या डब्यात बहिरी माणसं रोज भेटतात, गप्पा मारतात, बातम्या देतात-घेतात. तो डबा त्यांचा पार आहे, चावडी आहे. माझ्या बाकांवरच्या आयांनी असा डबा कधी पाहिलेला नसतो. दहापैकी नऊहून अधिक बहिरी मुलं ऐकू येणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात. त्यांनी आयुष्यात एकही बहिरा प्रौढ माणूस संसार करताना, नोकरी करताना, खदखदून हसताना पाहिलेला नसतो. त्यांना दाखवलं जातं ते फक्त 'बरं झालेलं' मूल.

एक यंत्राचीच गोष्ट राहिली. शरीराच्या आतला भाग अनेक वर्षं टिकतो. बाहेरचा प्रोसेसर जुना होतो, वायर तुटते, बॅटरी संपते. कंपन्या नवे नमुने काढतात आणि काही वर्षांनी जुन्याचे सुटे भाग बनवणं थांबवतात. नवा प्रोसेसर लाखांच्या घरात जातो. मिशेल फ्रीडनर या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी भारतातल्या इम्प्लांटवर २०२२ साली पुस्तक लिहिलं. त्या स्वतः इम्प्लांट वापरतात. सरकार सुरुवातीचं यंत्र देतं, पण पुढे जन्मभराची देखभाल कुटुंबाच्या गळ्यात पडते, हे त्यांनी फार नेमकं दाखवलं आहे. तीन वर्षांच्या मुलाला यंत्र बसवलं तर पुढची साठ-सत्तर वर्षं ते कोण चालवणार? मी अशी घरं पाहिली आहेत जिथे बंद पडलेला प्रोसेसर कपाटात, साडीच्या घडीत ठेवला आहे. एका बाईने वायरीसाठी बचत गटातून कर्ज काढलं. रजिस्टरमध्ये कारण लिहिलं 'शेळी', कारण वायरीला कर्ज देतात हे कुणाला ठाऊक नव्हतं. आणि ज्या मुलाचे हात आधीच बांधले होते, त्याचं यंत्र बंद पडलं की त्याच्याकडे आवाजही राहत नाही आणि खूणही.

मुलींच्या बाबतीत हे जास्त टोकाला जातं. चकती दिसू नये म्हणून केस सोडायचे, ओढणी घ्यायची, स्थळ बघायला आले की यंत्र काढून ठेवायचं. म्हणजे नेमकं तेव्हाच ऐकू यायचं नाही. आणि आपल्या कामाशी थेट जोडलेली गोष्ट सांगते. २०१३ साली बलात्काराच्या कायद्यात बदल झाला. त्यात अपंग बाईची फिर्याद दुभाषी किंवा विशेष शिक्षकाच्या मदतीने, तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या जागी नोंदवावी, त्याचं चित्रीकरण करावं, अशी तरतूद आली. आपल्या चळवळीने मागितलेली गोष्ट आहे ही. पण मुलीला कुठलीच पूर्ण भाषा दिली नसेल तर दुभाषी कशाचं भाषांतर करणार? भाषा हा तिचा बचाव आहे. तो आपण तिच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी हिरावून घेतो आणि सोळाव्या वर्षी तिला म्हणतो, सांग काय झालं.

मग इम्प्लांटला विरोध करायचा का? माझं उत्तर स्पष्ट 'नाही' असं आहे. अनेक मुलं त्याच्या आधाराने बोलतात, गल्लीतल्या शाळेत जातात. त्यांच्या आयांचा आनंद खोटा नाही, आणि त्यांच्या आशेला नावं ठेवायचा अधिकार मला नाही. पण तंत्रज्ञान आलं की प्रश्न विचारायचे, ही आपल्या चळवळीची परंपरा आहे. नेट-एन इंजेक्शनबद्दल आपण विचारले, गर्भलिंगपरीक्षेबद्दल विचारले आणि १९८८ साली महाराष्ट्रात देशातला पहिला कायदा करून घेतला. कुणाच्या शरीरावर, कुणाच्या खर्चाने, कुणाच्या श्रमांवर, आणि फायदा कुणाचा? तेच प्रश्न इथे विचारायचे आहेत. त्यातून माझ्या मते या मागण्या निघतात :

१. इम्प्लांट असो वा नसो, प्रत्येक बहिऱ्या मुलाला पहिल्यापासून सांकेतिक भाषा मिळाली पाहिजे. बोलणं आणि खूण यांच्यात निवड करायला लावू नये.

२. आईवडील दोघांना ती भाषा गावात, मोफत शिकवावी, आणि शिकवायला बहिऱ्या स्त्रियांना पगारी नेमावं.

३. यंत्राची देखभाल, सुटे भाग आणि नवा प्रोसेसर ही जबाबदारी जन्मभरासाठी सरकारने आणि कंपनीने घ्यावी. खरेदीच्या करारातच तसं लिहून घ्यावं.

४. केंद्रात येण्याच्या दिवसाची बुडालेली मजुरी आणि प्रवासखर्च मिळावा. बापाने यावं म्हणून कामावरून पगारी सुट्टी मिळावी.

५. ऑपरेशनचा निर्णय घेण्याआधी कुटुंबाची भेट बहिऱ्या प्रौढ स्त्रीपुरुषांशी घालून द्यावी.

मागण्या सरकारकडे आहेत. पण एक काम आपल्या हातातलं आहे. आपल्या सल्ला केंद्रात बहिरी बाई आली तर तिच्याशी बोलणारं कोण आहे? बहुतेक ठिकाणी तिच्याबरोबर आलेला भाऊ किंवा नवराच तिच्या वतीने बोलतो. म्हणजे जिच्याविषयी आपण म्हणतो की तिने स्वतः बोलावं, तिचं आपण दुसऱ्याकडून ऐकून घेतो. प्रत्येक केंद्राने निदान दोघीजणींना सांकेतिक भाषेच्या वर्गाला पाठवावं, जिल्ह्यातल्या बहिऱ्या स्त्रियांच्या गटाशी ओळख करून घ्यावी आणि पुढच्या शिबिराच्या खर्चात जेवण, मांडव, छपाई यांच्याबरोबर दुभाषीचं मानधन लिहावं. हा ठराव आज संध्याकाळच्या बैठकीत मांडायचा आहे. अनुमोदन कोण देणार, तेवढं सांगा.